हा गेम कुणीतरी बनवलाय, हे तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं?

निळीशाई (शनिवार, रात्री १०:१२)

१९९६ ची मे महिन्याची सुट्टी. सांगलीला मामाकडे होतो. मामेभावाला मुंजीत व्हिडिओ गेम मिळाला होता. दुपारी आजोबा आडवे झाले की बाहेरच्या खोलीत आवाज बंद करून मारिओ सुरू. आम्ही पाच भावंडं आणि रिमोट दोन, म्हणजे एकजण मेला की रिमोट पुढच्याच्या हातात. माझा नंबर चौथा, त्यामुळे बराच वेळ नुसतं बघत बसायचं.

असंच बघता बघता एका दुपारी दिसलं, की खालचं हिरवं झुडूप आणि वरचा पांढरा ढग एकच आहेत. तोच आकार, तेच फुगवटे, फक्त रंग वेगळा. मी सगळ्यांना दाखवलं. मामेभाऊ म्हणाला, "बरं मग?" आणि खेळत राहिला. माझ्या मात्र ते डोक्यातून जाईना. तोवर मला वाटायचं की गेम टीव्हीत असतोच, जसा पाऊस ढगात असतो. त्या झुडपामुळे पहिल्यांदा कळलं की कुणीतरी माणूस कुठेतरी बसून ठरवतोय, ढग तर काढून झालाय, तोच हिरवा करू आणि जमिनीवर ठेवू.

आज मी पुण्यात गेम डिझाइनचं काम करतो, बारा वर्षं झाली. या धंद्यात का आलास असं कुणी विचारलं की मला ते झुडूप आठवतं.

त्यामागचं कारण खूप उशिरा समजलं. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स अख्खा ४० किलोबाइटचा आहे. बत्तीस पातळ्या, कोजी कोंडोचं संगीत, शत्रू, पाण्याखालचं जग, सगळं त्यात बसवलंय. तिथे झुडपासाठी वेगळं चित्र परवडणारं नव्हतं.

पण मला जास्त भारावून टाकते ती पहिल्या पातळीची सुरुवात. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे सगळं मोकळं, म्हणजे जायचं कुठे ते सांगावं लागत नाही. मग समोरून तो भुवया ताणलेला तपकिरी प्राणी येतो. उडी मारली नाही तर मरता, मारली तर चुकवता, आणि नेमके त्याच्या अंगावर पडलात तर तो चपटा होतो. नंतर प्रश्नचिन्हाच्या विटेतून मशरूम निघतं. ते दिसायला थोडं त्या प्राण्यासारखंच, म्हणून माणूस घाबरतो. मशरूम उजवीकडे घसरत जातं, खाली पडतं, हिरव्या पाइपला आपटतं आणि उलटं फिरून तुमच्याकडेच येतं. उडी मारून चुकवायला जावं तर डोक्यावरच्या विटा आड येतात आणि आपण त्याच्यावरच पडतो. पडलो की मोठे होतो. मारिओ बनवणाऱ्या मियामोतोंनी स्वतः मुलाखतींत हे उलगडून सांगितलंय. एक अक्षर न लिहिता शिकवलेला हा धडा आहे. मी नवीन मुलांना कामावर घेतलं की पहिल्या दिवशी हेच दाखवतो.

तर तुमचा असा क्षण कोणता? आवडत्या गेमची यादी नको, ती आपल्या सगळ्यांची जवळपास सारखीच निघेल. खेळता खेळता पलीकडे बसलेला माणूस दिसला, तो क्षण लिहा.

धाकटा (शनिवार, रात्री १०:४७)

काय सुंदर विषय काढलात! माझा क्षण बंदुकीचा.

आम्ही नाशिकला. घरात दादा मोठा, त्यामुळे टीव्हीवरची बदकं टिपायच्या 'डक हंट' या खेळात खेळण्यातली बंदूक कायम त्याच्याकडे. मी शेजारी बसून रिमोटची बटणं उगाच दाबायचो, कुणी खेळायला घेत नाही तर तेवढंच. एकदा वाटलं, मी डावं दाबलं तेव्हा बदक डावीकडे वळलं. पुन्हा दाबलं, पुन्हा वळलं. त्या एका बदकाच्या खेळात रिमोट घेऊन बदक उडवता येतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. दादा नेम धरायचा आणि मी त्याला झुलवायचो. सुट्टीभर दुसरा गेम लावला नाही.

लगेच भांडणं सुरू झाली, कारण मी बदक कोपऱ्यात नेऊन ठेवायचो. मग आम्ही नियम केले. कोपऱ्यात तीन आकडे मोजेपर्यंतच थांबायचं. दहा बदकांनंतर बंदूक आणि रिमोटची अदलाबदल. तीन आकडे फार झाले म्हणून पुढे दोन केले. आम्ही भांडण मिटवत होतो एवढंच तेव्हा कळत होतं. आज तुमचा धागा वाचताना लक्षात आलं की ते डिझाइनच होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे, बार काढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा. दादा म्हणायचा तुझ्या डोळ्यांचा भास आहे. तो भास नव्हता. बंदुकीतून काहीच निघत नाही, उलट बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा असतो. चाप ओढला की एका चित्रापुरता सगळा पडदा काळा होतो आणि पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. नळीला आधी अंधार आणि मग उजेड दिसला तर नेम लागला. दोन बदकं असतील तर एकामागून एक दोन चौकोन. आधीचा अंधार तपासत असल्यामुळे ट्यूबलाइटवर रोखून फसवताही येत नाही. आम्ही पुष्कळ प्रयत्न केले होते. आताच्या चपट्या टीव्हीवर ती बंदूक चालत नाही, कारण चित्र पडद्यावर यायला किंचित उशीर होतो आणि तेवढ्यात हिशोब चुकतो.

मी आज इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. सेन्सरचा पहिला तास याच बंदुकीवर घेतो.

भीमाकाठ (शनिवार, रात्री ११:०५)

वाचतोय. +१ बंदुकीला. कॅसेट काढून फुंकर मारायची, पुन्हा लावायची, ते कुणालाच कसं आठवलं नाही?

निळीशाई (शनिवार, रात्री ११:११)

@भीमाकाठ, आठवतंय तर! पण फुंकर कामाची नव्हती. कॅसेटच्या पट्ट्या आणि आतल्या पिना यांचा संपर्क नीट होत नसे. काढून पुन्हा बसवली की तो व्हायचा, आणि श्रेय फुंकरीला जायचं. तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या उलट खराब व्हायच्या.

@धाकटा, "तीन आकड्यांचे दोन केले" हे वाचून फार आनंद झाला. आमच्याकडे याला बॅलन्सिंग म्हणतात आणि त्यात महिने जातात.

चौकटीची_वही (रविवार, सकाळी ८:३०)

मला रिमोट मिळायचाच नाही. वाड्यात पाच मुलगे आणि मी एकटी मुलगी. "तू बघ, मजा येते बघायला" असं सांगितलं जायचं. मला तेव्हा रडू यायचं, आणि आजही त्याचं वाईट वाटतं. हातात रिमोट असता तर मी कदाचित याहून पुढे गेले असते, म्हणून त्याला गोड आठवण म्हणणार नाही.

पण बघून बघून मला मारिओच्या पातळ्या पाठ झाल्या. गणिताची चौकटीची वही घेऊन मी त्या उतरवून काढायला लागले. एक चौकट म्हणजे एक वीट. पाइप दोन चौकटी रुंद. खड्डा दोन चौकटींचा असेल तर चालता चालता उडी मारूनही पार होतो, खूप मोठा असेल तर पळत येऊन उडी मारावी लागते. हे कुणी शिकवलं नाही, मोजून कळलं. वही भरत आली तेव्हा माझ्या स्वतःच्या पातळ्या सुरू झाल्या होत्या. एक मुलगा दयाळू होता, तो माझी वही घेऊन बसायचा आणि बोट मारिओसारखं चालवायचा. "इथे मी मेलो असतो गं," म्हणायचा, आणि मी खोडरबर घेऊन खड्डा एक चौकट लहान करायचे.

मियामोतो आणि त्यांचे सहकारी तेझुका यांच्या चमूनेही त्या पातळ्या आलेख कागदावरच काढल्या होत्या, हे मी चाळिशीत वाचलं. खूप वेळ तशीच बसून राहिले.

मी आज घरांच्या अंतर्गत रचनेचं काम करते. गेम बनवत नाही. माणूस दारातून आत आला की त्याचा पाय कुठे वळेल, हे मात्र मी अजून त्या वहीसारखंच मोजते.

चिंचबन (रविवार, सकाळी ९:५२)

चौकटीची_वहीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

माझा गेम प्रिन्स ऑफ पर्शिया. शाळेची कॉम्प्युटर लॅब, चपला बाहेर, अख्ख्या शाळेत एसी तेवढ्या एका खोलीला. बाई तासाची शेवटची दहा मिनिटं सोडायच्या. दहा मिनिटांत फार पुढे जाता येत नसे. चौथ्या पातळीपर्यंत पोचायला मला अर्धं वर्ष लागलं.

तिथे शेवटी वाटेत आरसा येतो. बाजूने रस्ता नाही. पळत येऊन आरशातून उडी मारायची, आणि मारली की दुसऱ्या बाजूने आपलीच सावली उलट दिशेला पळून जाते. आपला जीव खाली येऊन एकच लाल त्रिकोण उरतो. पुढच्या पातळीवर आपण औषधाच्या बाटलीपाशी पोचण्याआधी ती सावली येऊन बाटली पिऊन टाकते. मला त्या सावलीचा इतका राग यायचा की घरी येऊन आईला सांगायचो.

बाराव्या पातळीवर ती तलवार घेऊन समोर उभी राहते. तिला वार केला की आपलाच जीव कमी होतो. मी कितीतरी वेळा असा मेलो. मग एकदा कंटाळून तलवार म्यान केली. तिनेही केली. चालत तिच्याकडे गेलो आणि दोघे एक झालो. लॅबमध्ये कुणाला काही बोललो नाही, पण माझ्या अंगावर काटा आला होता. तेव्हा वाटलं, ज्याने हे ठरवलं त्याला काहीतरी सांगायचं होतं, आणि ते त्याने मलाच करायला लावून सांगितलं.

जॉर्डन मेकनरने हा गेम १९८९ मध्ये ॲपल टू या मशीनसाठी काढला. धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पार्किंगच्या जागेत पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचा व्हिडिओ घेतला आणि एकेक चित्र गिरवलं. म्हणून राजपुत्र इतका खरा पळतो. पण त्या चित्रांनीच सगळी मेमरी खाल्ली आणि शत्रूसाठी जागा उरली नाही. एक सहकारी मैत्रीण मागे लागली होती की लढाई हवीच. मग त्याने राजपुत्राचीच चित्रं घेतली, ती स्वतःवरच जराशी सरकवून ठेवली आणि दोन्हीत जिथे फरक पडतो तेवढेच ठिपके उमटवले. त्यातून थरथरणारी एक आकृती तयार झाली. नवीन चित्र एकही लागलं नाही. ज्या सावलीचा मी इतका राग केला, ती जागा नसल्यामुळे जन्माला आली होती.

२०१२ मध्ये त्याने मूळ प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला केला. त्याच्या वडिलांना घरात जुन्या फ्लॉपी सापडल्या होत्या. मी तो उतरवून घेतला आणि त्यातलं फारसं कळत नसताना रात्रभर वाचत बसलो.

मध्यरात्र (रविवार, दुपारी १:२०)

डेंजरस डेव्हचं नाव अजून कसं आलं नाही? दहा पातळ्या, सोन्याचा चषक उचला आणि दारातून बाहेर पडा. माझा प्रश्न त्यातूनच आला होता. काकांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर डेव्ह, घरी टीव्हीवर मारिओ. मारिओ चालतो तसा पडदा अलगद सरकतो. डेव्ह कडेला पोचला की पडदा धाडकन पुढे उडी मारतो. कॉम्प्युटर टीव्हीवरच्या त्या लहानशा डब्यापेक्षा कितीतरी महाग, मग त्याला एवढं का जमू नये? काकांना विचारलं. त्यांनी ऑफिसातल्या इंजिनियरना विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही.

उत्तर असं, की मारिओवाल्या निन्टेन्डो कंपनीच्या डब्यात पार्श्वभूमी सरकवणारी वेगळी चिप होती. ऑफिसच्या कॉम्प्युटरला असं काही नव्हतं, सगळा पडदा ठिपक्या-ठिपक्याने पुन्हा काढावा लागे आणि तेवढा त्याचा वेग नव्हता.

आणि हाच प्रश्न अमेरिकेत श्रीवपोर्ट गावात वीस वर्षांच्या एका मुलालाही पडला होता. डेव्ह लिहिणारा जॉन रोमेरो आणि हा जॉन कारमॅक एकाच कंपनीत होते. सप्टेंबर १९९० मध्ये एका रात्री कारमॅक आणि टॉम हॉल यांनी मारिओच्या तिसऱ्या गेमची पहिली पातळी कॉम्प्युटरवर हुबेहूब उभी केली, मारिओच्या जागी डेव्हला पळवलं आणि फ्लॉपी रोमेरोच्या टेबलावर ठेवून घरी गेले. सकाळी रोमेरोने ती लावली. पडदा सरकत होता!

युक्ती ऐकाल तर वाटेल, हे तर मलाही सुचलं असतं. आकाशाच्या चौकटीशेजारी आकाशाचीच चौकट येणार असेल तर ती पुन्हा कशाला काढायची? जिथे काही बदललं तेवढंच काढा. त्यांनी नमुना निन्टेन्डोला पाठवला, पण निन्टेन्डोला कॉम्प्युटरवर मारिओ नको होता. मग त्याच युक्तीवर त्यांनी डिसेंबर १९९० मध्ये कमांडर कीन हा स्वतःचा गेम काढला, पुढे स्वतःची कंपनी काढली आणि डिसेंबर १९९३ मध्ये डूम हा गेम.

हे वाचलं तेव्हा काका हयात नव्हते. त्यांना सांगायचं राहून गेलं.

भीमाकाठ (रविवार, दुपारी ३:०२)

सगळं वाचतोय, मनापासून आवडतंय. पण एक मुद्दा पटत नाही, तो मांडतो. "जागा कमी होती म्हणून चांगलं सुचलं" असा सूर लागतोय. जागा तर सगळ्यांनाच कमी होती. माझ्याकडे '९९९९ इन १' कॅसेट होती. त्यात खरे गेम मोजून वीस-पंचवीस, बाकी तेच पुन्हा, कुठे वेग वाढवून, कुठे तिसऱ्या पातळीपासून सुरू करून. त्यातले अर्धे गेम रटाळ होते, आणि तेही तेवढ्याच किलोबाइटचे. रटाळ गेम आपण विसरलो आणि चांगले लक्षात राहिले, एवढंच झालंय. आज एकेकटी पोरं घरी बसून गेम करतात, त्यांना अडचण वाढवून देऊन काही साधणार नाही.

निळीशाई (रविवार, दुपारी ४:१५)

@भीमाकाठ, मुद्दा अगदी बरोबर, आणि माझ्या लिहिण्यातून तसा अर्थ निघाला असेल तर तो मी मागे घेतो. अडचणीने काही सुचत नाही. अडचणीतून जे अपघाताने घडतं ते बघून "हे राहू दे" म्हणणारं माणूस लागतं.

१९७८ चा स्पेस इनव्हेडर्स घ्या. तोमोहिरो निशिकादोने परग्रहावरच्या प्राण्यांच्या रांगा केल्या. चिप इतकी हळू की सगळे प्राणी काढता काढता तिला धाप लागायची. एकेक मरत गेला तसं काढायचं काम कमी, म्हणून उरलेले आपोआप जोरात पळायला लागले. वेग एकसारखा ठेवणं त्याच्या हातात होतं. त्याने बघितलं की शेवटी शेवटी छातीत धडधडतंय, आणि ते तसंच ठेवलं. खेळ जसा पुढे जाईल तसा अवघड होत जावा, हे आज आम्ही गृहीत धरतो. तीच चिप दुसऱ्या कुणाच्या हातात असती तर ही चूक म्हणून दुरुस्त झाली असती.

चिंचबन यांच्या सावलीचंही तेच. जागा नाही म्हणून सावली आली हे खरं, पण तिच्याशी लढू नका, तलवार म्यान करा, हे जागेच्या टंचाईने नाही सांगितलं. ते मेकनरचं.

पन्हाळगडी (रविवार, रात्री ९:४०)

मी या सगळ्यांच्या नंतरच्या पिढीतला. आमच्याकडे कॉम्प्युटर आला २००३ मध्ये आणि त्यात एज ऑफ एम्पायर्स दोन. तो १९९९ चा गेम. मेनूमध्ये 'सिनेरिओ एडिटर' होतं. त्यात स्वतःचा नकाशा काढता येतो, आणि 'ट्रिगर' लावता येतात. अमुक घडलं की तमुक कर.

मी कोल्हापूरचा. शाळेची सहल पन्हाळ्याला जायची. दहावीच्या सुट्टीत ठरवलं की पावनखिंड करायची. डावीकडे पन्हाळा, उजवीकडे विशाळगड, मधे दाट झाडी, आणि एका जागी दोन डोंगरांमधून चार चौकटींची वाट. महाराज विशाळगडाच्या चौकोनात पोचले की विजय. बाजीप्रभू म्हणून तलवार घेतलेला एक वीर ठेवला. पाठलागाची फौज दर मिनिटाला वाढत जाणारी, म्हणजे खिंड लढवून जिंकता येणारच नाही, फक्त वेळ मिळवता येईल. १३ जुलै १६६० ला जे घडलं त्याचा अर्थ मला तोच वाटत होता आणि तो गेममधून यावा असं मनापासून वाटत होतं.

शेजारच्या मित्राला खेळायला बसवलं. त्याने सगळे मावळे निवडले, बाजीप्रभूंसकट, आणि महाराजांबरोबर सरळ विशाळगडाकडे पळवले. खिंडीत कुणीच थांबलं नाही. सहा मिनिटांत विजय. "सोपंय की," म्हणाला.

मी खूप चिडलो. इतिहास माहीत असून हा असं कसं करतो? दोन दिवस बोललो नाही. मग लक्षात आलं की चूक त्याची नाही. खिंडीत थांबायचं कारण मी नकाशात ठेवलंच नव्हतं, ते माझ्या डोक्यात होतं. मग पाठलागाला घोडेस्वार केले आणि महाराजांना पालखीच्या वेगाने जाणारा धीमा माणूस केला. आता कुणी मागे थांबलं नाही तर विशाळगड दिसायच्या आत घोडेस्वार गाठायचे. मित्र परत बसला. पहिल्यांदा हरला, दुसऱ्यांदाही हरला. तिसऱ्या वेळी तो खिंडीशी थांबला, माउसवरचा हात काढला आणि म्हणाला, "कुणाला तरी इथे ठेवावंच लागणार रे." मी मागे उभा होतो. ते वाक्य मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं आणि मी त्याला एकदाही सांगितलं नव्हतं.

विशाळगडाशी पोचल्यावर तोफांचा आवाज लावला होता. तो आवाज झाला तेव्हा खिंडीत एकटे बाजीप्रभू उरले होते. मित्राने नकाशा सरकवून खिंडीकडे आणला आणि बघत बसला.

त्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क पुढे गेली आणि नकाशा तिच्याबरोबर गेला. वहीतलं रेखाटन आहे अजून.

चौकटीची_वही (रविवार, रात्री १०:०५)

पन्हाळगडी, ती वही जपून ठेवा. आणि नकाशा परत करा. मी खेळेन, रिमोट नाही तर माउस तरी हातात घेईन.

लेकीचा_बाबा (सोमवार, सकाळी ७:१५)

कालपासून धागा वाचतोय. मुलगी अकरा वर्षांची आहे, तिला गेम "करायचाय". क्लासच्या जाहिराती खूप दिसतात. सुरुवात कुठून करावी? आमच्या दोघांचा, म्हणजे तिच्या आईचा आणि माझा, या क्षेत्राशी काही संबंध नाही.

निळीशाई (सोमवार, सकाळी ८:५०)

@लेकीचा_बाबा, क्लास नंतर बघू. घरात सापशिडी असेलच. आपला जुना मोक्षपट तो हाच, परंपरा त्याचं नातं ज्ञानेश्वरांशी जोडते. त्यात साप म्हणजे दुर्गुण, शिडी म्हणजे सद्गुण. सोंगट्या पूर्वी कवड्यांच्या आणि आता फाश्याच्या दानावर चालतात, खेळणाऱ्याने ठरवण्यासारखं काहीच नाही. तिला सांगा, यातला एकच नियम बदल, आणि घरातल्या कुणाला तरी खेळायला लाव. ती खेळत असेल त्यापेक्षा दुसऱ्याला खेळताना बघेल तेव्हा जास्त शिकेल. आपण मधे बोलायचं नाही, हे तिला आणि तुम्हालाही जड जाईल.

कॉम्प्युटरवर यायचं झालं तर स्क्रॅच हे मुलांना स्वतः गेम करता येतील असं साधन फुकट आहे. जरा मोठी झाली की पिको-८ हे छोटे गेम बनवायचं साधन दाखवा. १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचा पडदा, सोळा रंग, बस्स. सेलेस्ट नावाचा जो गेम २०१८ मध्ये गाजला, त्याची पहिली आवृत्ती दोघांनी चार दिवसांत त्यावरच केली होती. आणि पुण्यात बनलेला, २०२० चा राजी हा गेम तिला जरूर दाखवा. आपल्याकडच्या मुलीची गोष्ट आहे, आणि तो आपल्याकडच्या माणसांनी बनवलाय. तिच्या वयात मला असा गेम दिसला असता तर जपानला जावं लागेल असं वाटलं नसतं.

मध्यरात्र (सोमवार, दुपारी २:३०)

मघाशी एक हिशोब केला. संगणकात देवनागरीचं एकेक चिन्ह साठवायला सहसा तीन बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगवेगळं मोजलं जातं. त्या हिशोबाने आपला हा धागा आता ४० किलोबाइटच्या आसपास आला असेल. आपण एवढ्या जागेत आठवणी लिहिल्या, त्यांनी मारिओ बसवला.

लेकीचा_बाबा (बुधवार, रात्री १०:३३)

कळवतो म्हणून कळवतो. मुलीने नियम बदलला. एका फाश्याऐवजी दोन टाकायचे आणि त्यातला हवा तो एक घ्यायचा. आजीला खेळायला बसवलं. आजी फासे टाकून आधी बोटाने घरं मोजायची आणि सापाचं घर टाळायची. एकदाही साप चावला नाही, पंधरा मिनिटांत वर. आजी खूश, मुलगी हिरमुसली. "मग साप कशाला ठेवलेत?" म्हणाली.

काल तिने कागदाचे साप कापून चिकटवले, आधी होते त्याच्या दुप्पट. आज पुन्हा डाव. आता आजी मोजते, थांबते, दोन्ही फाश्यांवर साप आले की "अगं बाई" म्हणते आणि त्यातला लहान साप निवडते. मी शेजारी पेपर धरून बसलो होतो, तुम्ही सांगितल्याप्रमाणे बोललो नाही.

आजी ९७ वर अडकली. बरोबर तीन पडल्याशिवाय सुटका नाही, दोन घेतले तर ९९ वर नवा साप. अकरा वेळा फासे टाकले. मुलगी आजीच्या चेहऱ्याकडे बघत होती, पटाकडे बघतच नव्हती. उद्या शाळेतून आल्यावर शेवटच्या ओळीचं काय करायचं ते दोघी मिळून ठरवणार आहेत.